पॉट्सडॅम : चालत वाचायचं गाव

बर्लिनला जाणारे बहुतेक मराठी प्रवासी पॉट्सडॅमला अर्धा दिवस देतात. सकाळी बस निघते, साँसुसी राजवाड्याच्या पायऱ्यांवर फोटो होतात, सेसिलिएनहोफच्या अंगणात लाल फुलांचा तारा दाखवला जातो आणि जेवणाच्या वेळेला मंडळी बर्लिनमध्ये परत आलेली असतात. या अर्ध्या दिवसात राजवाडे पाहून होतात, गाव पाहायचं राहून जातं. पॉट्सडॅमचा कोणताही राजवाडा एकटा उभा नाही. एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवरचा मनोरा दिसावा, तळ्याच्या या काठावरून त्या काठावरचं देऊळवजा घर दिसावं, झाडीत मुद्दाम राखलेल्या फटीतून पाण्यापलीकडचं चर्च दिसावं, असं ठरवून हे गाव रचलेलं आहे. राजे, वास्तुकार आणि माळी यांनी दीडशे-पावणेदोनशे वर्षं मिळून काय केलं असेल, तर माणसाची नजर कुठून कुठे जावी हे आखलं. ती नजर बसच्या खिडकीतून मिळत नाही. त्यासाठी चालावं लागतं, आणि म्हणून हे पुस्तक फेरफटक्यांचं आहे.

गावाची जागाच मुळात अशा कामाला सोयीची. हाफेल नदी इथे रुंद होत जाते, तळ्यांमध्ये शिरते, वळते आणि परत नदी होते. आजूबाजूला फार उंच नाहीत अशा वाळूच्या टेकड्या. 993 सालच्या एका दानपत्रात या वस्तीचा पहिला उल्लेख सापडतो, पण पुढची साडेसहाशे वर्षं तिच्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. ब्रांडेनबुर्गच्या फ्रेडरिक विल्यमने, ज्याला इतिहास 'महान इलेक्टर' म्हणतो, 1660 च्या सुमारास बर्लिननंतरचं दुसरं निवासस्थान म्हणून हे गाव निवडलं. 1685 मध्ये त्याने इथूनच फर्मान काढून फ्रान्समधून परागंदा होणाऱ्या प्रोटेस्टंट ह्यूगेनॉट लोकांना आपल्या राज्यात आसरा दिला. बाहेरच्या माणसांना बोलावून आणायचं आणि त्यांच्या हातच्या कसबावर गाव उभं करायचं, ही रीत तेव्हापासून इथे पडली.

त्याचा नातू पहिला फ्रेडरिक विल्यम हा 'सैनिक राजा'. त्याला बागांचं काहीच कौतुक नव्हतं. राजवाड्यासमोरची आजोबांची बाग त्याने कवायतीचं मैदान करून टाकली आणि गावाची छावणी केली. पण या माणसानेही पॉट्सडॅमला एक देखणी गोष्ट दिली. डच कारागीर इथे येऊन राहावेत म्हणून त्याने यान बाउमान या डच वास्तुकाराकडून 1733 ते 1742 या काळात लाल विटांची 134 घरं बांधून घेतली. अपेक्षेइतके डच आले नाहीत, घरं मात्र राहिली. आज त्या गल्ल्यांमधून चालताना लाल विटांचे नक्षीदार दर्शनी त्रिकोण आणि पांढऱ्या चौकटींच्या खिडक्या पाहाव्यात, आणि हे सगळं दलदलीच्या जमिनीवर उभं आहे याची आठवण ठेवावी.

बापाने मोडलेली बाग मुलाने दुसरीकडे उभी केली. दुसरा फ्रेडरिक 1740 मध्ये गादीवर आला आणि त्याच वर्षी त्याने सायलेशियावर चढाई केली. ही गोष्ट साँसुसीच्या पायऱ्या चढताना विसरता कामा नये. 1744 मध्ये त्याने गावाबाहेरच्या एका ओसाड टेकडीच्या दक्षिण उतारावर द्राक्षांचा मळा करायचा हुकूम दिला. टेकडी सहा टप्प्यांमध्ये कापली गेली. टप्प्यांच्या भिंतींना किंचित आतला बाक दिला गेला, म्हणजे सूर्याची ऊब मधोमध गोळा होईल. भिंतींत 168 कोनाडे केले, त्यांना काचेची दारं लावली आणि आत अंजिराची झाडं व परदेशी द्राक्षवेली लावल्या. राजवाडा त्यानंतर आला, 1745 ते 1747 मध्ये. म्हणजे आधी मळा, मग घर. माझ्या मते पॉट्सडॅमची सगळी कहाणी या क्रमात आहे.

घराच्या बाबतीत राजाचं आणि त्याचा वास्तुकार क्नोबेल्सडोर्फ याचं बिनसलं. क्नोबेल्सडोर्फचं म्हणणं होतं की राजवाड्याखाली तळघर घालून तो उंच करावा आणि टप्प्याच्या अगदी कडेला आणावा, म्हणजे खालून पूर्ण दिसेल. त्याचं बरोबरच होतं. आजही पायऱ्यांच्या तळाशी उभं राहिलं की इमारतीचा खालचा भाग कड्यामागे लपतो आणि छत व घुमटच काय ते दिसतात. पण फ्रेडरिकला खोलीतून पाऊल टाकलं की थेट बागेत यायचं होतं. मधे पायरी नको होती. राजाचं म्हणणं चाललं. बारा दालनांचं हे एकमजली घर युरोपच्या राजवाड्यांत लहानच. व्हॉल्तेर 1750 ते 1753 अशी तीन वर्षं राजाचा पाहुणा म्हणून पॉट्सडॅममध्ये होता, आणि शेवटी दोघांचं फाटलं. सात वर्षांचं युद्ध संपल्यावर मात्र राजाने बागेच्या पश्चिम टोकाला 'नवा राजवाडा' उठवला, 1763 ते 1769. दोनशेहून अधिक खोल्या, भिंतींत शिंपले आणि खनिजं जडवलेलं एक अख्खं दालन. युद्धाने प्रशिया खचलेला नाही हे जगाला दाखवण्यासाठी ते बांधकाम होतं. तो स्वतः राहिला मात्र जुन्या घरातच.

फ्रेडरिकची एक इच्छा त्याच्या हयातीत पुरी झाली नाही : कारंजी. बागेच्या उत्तरेच्या टेकडीवर 1748 मध्ये पाण्याचा मोठा हौद बांधला, त्याच्याभोवती शोभेसाठी रोमन पद्धतीचे खोटे भग्नावशेष उभारले, नदीपासून पवनचक्क्यांच्या पंपांनी पाणी वर चढवायची योजना केली. लाकडी नळ दाबाने फुटले. पैसा गेला, पाणी चढलं नाही. 1754 मध्ये एकदा हौदात साठलेल्या पावसाच्या आणि बर्फाच्या पाण्यावर कारंजं थोडा वेळ उडालं, तेवढंच. पुढे जवळजवळ नव्वद वर्षांनी, 1842 मध्ये, बोर्झिगच्या कारखान्यातलं सुमारे 80 अश्वशक्तीचं वाफेचं यंत्र बसलं आणि मुख्य कारंज्याचं पाणी 38 मीटर उंच गेलं. त्या यंत्राचं घर लुडविश पेर्सियसने हाफेलच्या काठावर मशिदीसारखं बांधलं. त्याचा मिनार म्हणजे धुराडं. या पुस्तकातला एक सबंध फेरफटका त्या पंपघरापासून निघून पाण्याच्या नळाच्या वाटेने टेकडीवरच्या हौदापर्यंत जातो. राजवाडा पाहण्याआधी तो करावा असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. बागेमागची मेहनत त्या वाटेवर कळते.

राजाची दुसरी इच्छाही दोन शतकं लांबली. आपल्याला वरच्या टप्प्यावर, आपल्या कुत्र्यांशेजारी, थाटमाट न करता पुरावं असं त्याने लिहून ठेवलं होतं. वारसाने त्याला छावणीच्या चर्चमध्ये बापाशेजारी ठेवलं. दुसऱ्या महायुद्धात शवपेटी हलवली गेली, जर्मनीभर फिरली आणि 17 ऑगस्ट 1991 रोजी, त्याच्या मृत्यूला बरोबर 205 वर्षं झाली त्या दिवशी, साँसुसीत परत आली. साधी दगडी लादी, वर नाव. लोक त्यावर बटाटे ठेवतात, कारण प्रशियात बटाट्याची लागवड पसरवण्याचं श्रेय लोकांनी त्याला दिलं आहे.

इथून पुढे पॉट्सडॅमच्या बागकामात निरनिराळी घराणी येतात, आणि नवख्या वाचकाने ती ओळखायला शिकलं तर चालण्याचा आनंद कितीतरी वाढतो. फ्रेडरिकची बाग मुळात फ्रेंच वळणाची : ओबेलिस्कपासून नव्या राजवाड्यापर्यंत नाकासमोर गेलेला दोनेक किलोमीटरचा हमरस्ता, आखीव चौक, छाटलेल्या झाडांच्या भिंती. पण तिच्यात फळझाडांची जागा मोठी. अकाली पिकवलेल्या चेरींसाठी हा राजा वाटेल ती किंमत मोजायचा. त्याच्या पुतण्याने, दुसऱ्या फ्रेडरिक विल्यमने, 1787 मध्ये हे वळणच सोडलं. 'पवित्र तळ्या'च्या काठी त्याने 'नवी बाग' केली आणि तिच्यासाठी व्योर्लिट्झच्या माळ्याचा मुलगा आयझरबेक याला आणलं. व्योर्लिट्झ म्हणजे जर्मनीत इंग्रजी पद्धतीच्या निसर्गबागेचं माहेरघर. रेषा गेल्या, वळणाच्या वाटा आल्या. कामाच्या इमारतींनाही सोंगं चढली : बर्फ साठवायची खोली पिरॅमिड झाली आणि संगमरवरी राजवाड्याचं स्वयंपाकघर तळ्यात अर्धं बुडालेलं रोमन देऊळ झालं. तिथून पदार्थ भुयारातून राजवाड्यात जात.

मग 1816 मध्ये बॉनहून पेटर योझेफ लेने आला, वय वर्षं सव्वीस. पुढची पन्नास वर्षं, 1866 मधल्या मृत्यूपर्यंत, तो या भूमीवर काम करत राहिला. माझ्या दृष्टीने पॉट्सडॅमचा खरा कर्ता तोच. त्याच्या आधी इथे बागा होत्या. त्याने त्यांना जोडलं. 1833 मध्ये त्याने आसपासच्या सगळ्या मुलखाचा सुशोभनाचा आराखडा केला आणि त्यात शेतं, रस्ते, टेकड्या, तळी, खेडी सगळी एका चित्रात बसवली. पुढे चौथा फ्रेडरिक विल्यम झाला तो युवराज स्वतः हौशी चित्रकार होता आणि इटलीच्या प्रेमात होता. वास्तुकार शिंकेल, त्याचा शिष्य पेर्सियस, माळी लेने आणि हा राजपुत्र, या चौघांनी मिळून हाफेलच्या काठी आपली इटली उभारली. शार्लोटेनहोफचं छोटं घर (1826 ते 1829), झाक्रोचं पाण्यात शिरलेल्या जहाजासारखं चर्च (1844), पेर्सियसची मनोरेवाली बागायतदारी घरं. इमारत कुठे हवी हे कित्येकदा समोरच्या काठावरून ठरत होतं.

लेनेला एका ठिकाणी हार मानावी लागली. बाबेल्सबर्गच्या टेकडीवर, पुढे सम्राट झालेल्या राजपुत्र विल्हेल्मच्या बागेत, पाणी नव्हतं आणि लावलेलं वाळत होतं. त्याच्या जागी 1843 मध्ये प्युक्लर आला. हा सरदार स्वतःच्या जहागिरीत बागा करून कर्जात बुडालेला, बागकामावर मोठा ग्रंथ लिहिलेला. त्याच सुमारास बाबेल्सबर्गलाही वाफेचं पंपघर मिळालं. लेने दूरवर पाहायला लावतो. प्युक्लर घराजवळ फुलांचे ताटवे मांडतो, वाटेच्या दर वळणाला नवं दृश्य उघडतो. दोघांच्या बागा एकाच दुपारी चालून पाहिल्या तर हा फरक सांगावा लागत नाही.

पुढचं घराणं राजांचं नाही. कार्ल फ्योर्स्टर या रोपवाटिकावाल्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बोर्निम इथे आपलं घर आणि बाग केली. फ्लॉक्स आणि डेल्फिनियम यांच्या कितीतरी जाती त्याने तयार केल्या, वर्षाचे चाराऐवजी सात ऋतू मानले आणि साध्या घरामागच्या तुकड्यातही बारा महिने काहीतरी फुललेलं हवं असा आग्रह धरला. दोन महायुद्धं, नाझी राजवट आणि पूर्व जर्मनी हे सगळं पाहून तो 1970 मध्ये, शहाण्णवाव्या वर्षी गेला. राजवाड्यांच्या पुस्तकात त्याला इतकी जागा का, असं कुणी विचारेल. पॉट्सडॅमची बाग राजाच्या कुंपणाबाहेर सामान्य माणसाच्या दारात आणली ती त्याने, म्हणून.

विसाव्या शतकाने या नजरेच्या गावावर दोन मोठे घाव घातले. 14 एप्रिल 1945 च्या रात्री ब्रिटिश विमानांनी गावाचा मध्य जाळला. तीन महिन्यांनी, 17 जुलै ते 2 ऑगस्ट, सेसिलिएनहोफमध्ये स्टालिन, ट्रुमन आणि चर्चिल बसले. हे घर युवराजासाठी 1913 ते 1917 मध्ये बांधलेलं. इंग्लंडमधल्या जुन्या ग्रामीण हवेल्यांसारखं लाकडी चौकटींचं. मॉस्कोहून करवून आणलेलं सुमारे तीन मीटर व्यासाचं गोल टेबल अजून तिथे आहे. परिषद चालू असतानाच ब्रिटनच्या निवडणुकीचा निकाल लागला आणि चर्चिलच्या खुर्चीत ॲटली येऊन बसले. दोन वर्षांनी भारताचं स्वातंत्र्य ज्यांच्या सरकारने मान्य केलं तेच हे ॲटली. मराठी वाचकाला ती खुर्ची पाहताना हे आठवावं.

दुसरा घाव 1961 चा. बर्लिनची भिंत आपल्याला ब्रांडेनबुर्ग दरवाज्यापाशी दिसते, पण तिचा एक मोठा भाग या बागांमधून गेला. नव्या बागेचा तळ्याकाठ आणि बाबेल्सबर्गचा किनारा सरहद्दीत गेला. झाडं तोडून, माती खरवडून तिथे पहारेकऱ्यांचा रस्ता झाला. लेनेने ज्या रेषेवर नजर आखली होती तिच्यावर आता काटेरी तार होती. झाक्रोचं चर्च तर दोन सरहद्दींच्या मधे, कुणाच्याच नसलेल्या पट्ट्यात अडकलं. 1961 च्या नाताळात तिथे शेवटची प्रार्थना झाली. आतली नासधूस झाली, छत गळायला लागलं, तेव्हा पश्चिम बर्लिनच्या पैशाने 1984-85 मध्ये पूर्व जर्मनीने त्याची बाहेरून डागडुजी केली. शेजारच्या ग्लिनिके पुलावर पकडलेल्या हेरांची अदलाबदल होत असे, पहिली 10 फेब्रुवारी 1962 ची. 10 नोव्हेंबर 1989 रोजी तोच पूल सगळ्यांना खुला झाला. पुढच्या वर्षी युनेस्कोने पॉट्सडॅम आणि बर्लिनच्या राजवाड्यांना व उद्यानांना जागतिक वारसा ठरवलं : सुमारे 500 हेक्टर बागा, 150 इमारती. जुने नकाशे घेऊन माळ्यांनी माती खणली, खाली गाडलेल्या वाटा शोधल्या, आणि एकेक दृष्टिरेषा परत मोकळी केली. या कामाबद्दल मला जितका आदर वाटतो तितका कुठल्याही राजाबद्दल वाटत नाही.

गावाच्या मध्यभागी मात्र प्रश्न बागेसारखा सरळ नाही, आणि इथे जाणकारांमध्ये उभे तट आहेत. जळालेल्या जुन्या राजवाड्याच्या भिंती पूर्व जर्मनीच्या सरकारने 1959-60 मध्ये पाडल्या, छावणीच्या चर्चचे अवशेष 1968 मध्ये. एक बाजू म्हणते, गेलं ते होतं तसं परत बांधा. दुसरी म्हणते, साम्यवादी काळातल्या इमारतीही इतिहासच आहेत, त्या पाडून खोटं जुनं उभं करू नका. राजवाड्याचं बाह्यांग परत बांधून 2014 पासून आत राज्याची विधानसभा भरते. त्याच्या एका भिंतीवर सोनेरी फ्रेंच अक्षरांत लिहिलं आहे की हा राजवाडा नव्हे. समोर बार्बेरिनी संग्रहालय, 2017 मध्ये उघडलेलं. रोममधल्या एका महालावरून फ्रेडरिकने बांधलेली मूळ इमारतच नक्कल होती. आजची तिची नक्कल आहे. ज्या गावाने आपली घरं हॉलंड, इटली, रशिया, इंग्लंड इथून उचलली, तिथे 'अस्सल' कशाला म्हणायचं हा प्रश्न सोपा नाही. बार्बेरिनीबद्दल म्हणूनच माझी तक्रार नाही. छावणीच्या चर्चबद्दल आहे. 21 मार्च 1933 रोजी याच चर्चच्या सोहळ्यात हिटलर आणि हिंडेनबुर्ग यांनी जुनी प्रशियन लष्करशाही आणि नवी नाझी सत्ता यांची सांगड जगासमोर घातली. त्याचा मनोरा 2024 मध्ये परत उघडला. आत त्या इतिहासाचं प्रदर्शन आहे आणि ते पाहायलाच हवं. तरीही तो मनोरा पुन्हा गावाच्या क्षितिजावर यायला नको होता असं मला वाटतं, आणि मनोऱ्याशेजारचं पूर्व जर्मन काळातलं भित्तिचित्रांचं संगणक केंद्र टिकावं असंही.

पॉट्सडॅममध्ये आणखीही बरंच आहे. बाबेल्सबर्गचे चित्रपट स्टुडिओ 1912 पासूनचे. देविका राणींचं शिक्षण तिथल्या ऊफा कंपनीत झालं, हिमांशू रायही ऊफाबरोबर काम करत होते, आणि पुढे मालाडला बॉम्बे टॉकीज उभी राहिली तेव्हा ते शिक्षण मुंबईत आलं. हा दुवा पुस्तकात थोडक्यात येतो. टेलिग्राफेनबर्ग या टेकडीवर मायकेलसनने 1881 मध्ये, प्रकाशाचं माध्यम मानल्या गेलेल्या 'ईथर'चा माग काढण्याचा आपला पहिला प्रयोग केला. तिथेच मेंडेलसोनने बांधलेला आइनस्टाइन मनोरा आहे आणि 1893 पासून एकही दिवस न चुकता हवामानाच्या नोंदी ठेवणारं केंद्रही.

त्या नोंदींमुळेच हे पुस्तक आजच्या घडीला मला निकडीचं वाटतं. पॉट्सडॅमला वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जमीन वाळूची. 2018 च्या कोरड्या उन्हाळ्यापासून दीडशे-दोनशे वर्षांच्या बीच आणि ओक वृक्षांचे शेंडे सुकताना दिसू लागले. बागेतलं मोठं झाड मेलं की दृश्याची चौकटच निखळते, आणि नवं झाड तिथे उभं राहायला तीन पिढ्या लागतात. इथले माळी आता याच बागांमधल्या तग धरलेल्या झाडांचं बी गोळा करून त्यांचीच रोपं लावून पाहत आहेत. लेनेने लावलेली जात टिकवायची की त्याने आखलेलं दृश्य, हा पेच त्यांच्यापुढे रोज आहे. आपल्याकडे जुन्या शहरांतली वडा-पिंपळांची झाडं रस्तारुंदीत जात असताना, हा पेच समजून घेण्याची मराठी वाचकालाही गरज आहे.

मराठीत परदेशाची प्रवासवर्णनं भरपूर आहेत आणि काही फार उत्तम आहेत. एकाच शहरात मुक्काम ठोकून लिहिलेली पुस्तकं त्या मानाने थोडी. मीना प्रभूंचं 'माझं लंडन' चटकन आठवतं. हे पुस्तक त्या वाटेने जातं, पण त्यात माणसांपेक्षा जागा जास्त आहेत. प्रत्येक फेरफटका दोन-तीन तासांत चालून होईल इतकाच ठेवला आहे. कुठे थांबावं, कुठे वळून पाहावं आणि तिथून काय दिसतं, हे सांगितलं आहे. राजघराण्याची वंशावळ, हॉटेलं आणि खरेदी यांना जागा दिलेली नाही. दालनांमधल्या चित्रांची आणि फर्निचरची तपशीलवार माहितीही इथे मिळणार नाही, ती राजवाड्यांतल्या ध्वनिफितींवर चांगली मिळते. घरी बसून वाचणाऱ्यालाही वाट डोळ्यांसमोर यावी असा प्रयत्न आहे, पण पुस्तक मुख्यतः पिशवीत टाकून नेण्यासाठी लिहिलं आहे.

वाचकाला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पॉट्सडॅमला निदान तीन दिवस द्या, आणि सुरुवात साँसुसीपासून नको, ग्लिनिके पुलापासून करा. पुलाच्या मध्यावरून चारही बाजूंची रचना एकदा पाहिली की पुढचं सगळं आपोआप जुळत जातं. आणि दुसरं म्हणजे, साँसुसीच्या उद्यानात फिरायला तिकीट लागत नाही, मात्र ऐच्छिक प्रवेशशुल्क देण्याची सोय आहे. ते अवश्य द्या. झाडांना पाणी घालणाऱ्या हातांना त्या पैशांची गरज आहे.